अद्भुत कादंबरी कोणाच्या हाती, कोणत्या वयात?

लोणावळा : पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरून भाजे गावाकडे निघालेल्या प्रवाशाला थोड्याच चढणीनंतर डोंगराच्या कुशीत कोरलेली लेणी दिसू लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदकामास प्रारंभ झालेल्या या बावीस लेण्यांच्या समूहात टोकाच्या बाजूला एक छोटा विहार आहे. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर चार घोड्यांचा रथ धावतो आहे आणि त्याच्या चाकांखाली एक अवाढव्य राक्षसी देह चिरडला जातो आहे. शेजारीच एका प्रचंड हत्तीने सोंडेत झाड उपटून धरले आहे. त्याच्या खालच्या बाजूस घोड्याचे तोंड असलेली एक स्त्रीही दिसते. रथातील आकृती सूर्याची आणि हत्तीवरील इंद्राची, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, तर काहींना ही ओळख मान्य नाही.

शालेय सहलींतून दरवर्षी येथे येणारी मुले हे शिल्प कुतूहलाने पाहतात. ते त्यांच्या वयाला योग्य आहे की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक जातककथांतील अश्वमुखी यक्षिणी डोंगरातील गुहेत राहून वाटसरूंना धरून खाणारी आहे. पुढे अशाच एका वाटसरूवर तिचा जीव जडतो आणि ती त्याच्याशी संसार मांडते. कथेत भय आहे, हिंसा आहे, प्रेमही आहे. तरीही ती मुलांना सांगता येते, कारण ती कशी आणि किती सांगायची हे सांगणाऱ्याच्या हाती असते.

आशियाई मिथके, इतिहास आणि लोककथा यांच्या पायावर उभ्या राहिलेल्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या गेल्या काही वर्षांत किशोरवयीन वाचकांत मोठ्या प्रमाणावर वाचल्या जात आहेत. ड्रॅगन, फिनिक्स, राजकन्या आणि जादूचे शिक्षण देणाऱ्या शाळा यांची चित्रे मुखपृष्ठांवर असतात. त्यामुळे ही सारी पुस्तके एकाच वयोगटाची आहेत, असा पालकांचा समज होतो. हा समज किती फसवा ठरू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे आर. एफ. क्वांग यांची 'द पॉपी वॉर' ही कादंबरी.

मराठीला हा प्रश्न जुनाच

अद्भुत कथेने वाचकाचे भले होते की बुरे, हा वाद मराठीत कादंबरीच्या जन्माबरोबरच सुरू झाला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, अरण्ये आणि योगायोग यांनी भरलेल्या अशा कादंबऱ्यांवर त्या काळचा वाचक लुब्ध होता. त्यांतील असंभाव्य प्रसंगांचा समाचार काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालच्या आपल्या कादंबरी व नाटकविषयक निबंधात घेतला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीही १९०२ साली 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रकारांचा ऊहापोह केला. हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी मराठी वाचकाची अभिरुची वास्तवाकडे वळवली खरी, पण अद्भुताची ओढ आटली नाही. नाथमाधवांची 'वीरधवल' त्यानंतरही आवडीने वाचली गेली.

वाचकाच्या वयाचा प्रश्न मात्र सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो अरबी कथांच्या संदर्भात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास प्रारंभ केला. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम पुढे नेले. या गोष्टी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. सिंदबाद, अलीबाबा आणि अल्लाउद्दीन यांच्या मुलांसाठीच्या छोट्या पुस्तिकाही पुढे निघत राहिल्या.

मूळ कथेची चौकट मात्र लहान मुलांची नाही. पत्नीच्या व्यभिचाराने संतापलेला बादशहा रोज एका कुमारिकेशी विवाह करतो आणि सकाळी तिचा शिरच्छेद करवतो. शहरजाद स्वतःचा जीव वाचवण्यासाठी रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत राहते. रिचर्ड बर्टन यांनी १८८५ ते १८८८ या काळात केलेले सोळा खंडांचे इंग्रजी भाषांतर त्यातील शृंगार आणि क्रौर्य यांना कात्री न लावल्यामुळे गाजले. ते खासगी रीतीने, केवळ वर्गणीदारांसाठी छापले गेले होते. याच सोळा खंडांचा मराठी अनुवाद गौरी देशपांडे यांनी केला आणि तो १९७६-७७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

म्हणजे एकच कथासंग्रह मराठीत तीन रूपांत नांदत आला आहे : मुलांची पुस्तिका, घरातील सर्वांचे पुस्तक आणि प्रौढ वाचकांसाठीचे समग्र भाषांतर. कोणते रूप कोणासाठी, हे अनुवादकाने, संपादकाने आणि प्रकाशकाने अगोदर ठरवले होते. आजी नातवंडांना रामायण-महाभारत सांगताना जे करीत असे, तेच काम येथे त्यांनी केले. आजच्या इंग्रजी अद्भुत कादंबरीच्या बाबतीत मुलाच्या आणि पुस्तकाच्या मध्ये असे कोणी उभे नसते. अडचण आहे ती येथे.

'द पॉपी वॉर' : आरंभ शाळेचा, शेवट संहाराचा

चीनमधील ग्वांगझौ येथे १९९६ साली जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत गेलेल्या क्वांग यांची ही पहिली कादंबरी २०१८ साली प्रसिद्ध झाली. 'द ड्रॅगन रिपब्लिक' (२०१९) आणि 'द बर्निंग गॉड' (२०२०) हे तिचे पुढील दोन भाग.

कथेची नायिका रिन ही निकान नावाच्या कल्पित साम्राज्यातील अनाथ मुलगी. अफूचा चोरटा व्यापार करणारे तिचे पालक तिचा विवाह एका वयस्क माणसाशी लावू पाहतात. त्यातून सुटण्यासाठी ती रात्रंदिवस अभ्यास करून साम्राज्याची कठीण प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होते आणि सिनेगार्ड येथील सैनिकी विद्यालयात दाखल होते. श्रीमंत सहाध्यायांचा तुच्छतेचा दृष्टिकोन, विक्षिप्त गुरू आणि सुप्त शक्तीचा शोध अशी या भागाची मांडणी आहे. हॅरी पॉटर वाचून मोठ्या झालेल्या मुलाला ती ओळखीची आणि आपलीशी वाटते. पहिली शंभर पाने चाळणाऱ्या पालकालाही वावगे असे फारसे आढळणार नाही. झोप येऊ नये म्हणून रिन मेणबत्तीच्या तापलेल्या मेणाने स्वतःच्या अंगावर चटके घेते, ही नोंद तेवढी सावध वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

पुढे मुगेन हे शेजारचे बेटराष्ट्र निकानवर आक्रमण करते आणि कादंबरीचा पोतच बदलतो. देवतांशी संपर्क साधण्यासाठी अमली पदार्थांचे सेवन, विषारी वायूचा हल्ला, कैद्यांवरील वैद्यकीय प्रयोग आणि एका संपूर्ण शहराची कत्तल असे प्रसंग येतात. कत्तलीच्या प्रकरणात स्त्रियांवरील अत्याचार आणि बालकांच्या हत्या यांची वर्णने थेट, सविस्तर आणि सलग आहेत. अखेरीस रिन स्वतःच सूडापोटी एका राष्ट्राचा संहार करते. न्याय आणि सूड यांतील रेषा वाचकाने स्वतःच शोधावी, अशी लेखिकेची अपेक्षा आहे. खलाचा नाश झाला आणि सर्व सुखी झाले, असा दिलासा ती देत नाही.

ही कादंबरी प्रौढांसाठी लिहिली आहे, हे लेखिकेने स्पष्ट केलेले आहे. अमेरिकेत नेब्युला पुरस्कारांच्या वेळी किशोरवयीन वाचकांच्या साहित्यासाठी आंद्रे नॉर्टन यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. 'द पॉपी वॉर'चे नामांकन झाले ते मात्र उत्कृष्ट कादंबरीच्या सर्वसाधारण गटात. तरीही तरुण नायिका, विद्यालयाची पार्श्वभूमी आणि आकर्षक मुखपृष्ठ यांमुळे ती किशोरांच्या पुस्तकांबरोबर गणली जाते.

कल्पनेमागचा इतिहास

कादंबरीतील शहराची कत्तल लेखिकेच्या कल्पनेतून आलेली नाही. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी सैन्याने चीनची तत्कालीन राजधानी नानजिंग ताब्यात घेतली आणि त्यानंतर सुमारे सहा आठवडे तेथे कत्तल, लूट आणि बलात्कारांचे सत्र चालले. मृतांच्या आकड्याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. युद्धोत्तर टोकियो न्यायाधिकरणाने तो दोन लाखांहून अधिक मानला, तर चीनचा अधिकृत आकडा तीन लाख आहे. आयरिस चँग यांच्या १९९७ सालच्या पुस्तकाने ही घटना इंग्रजी वाचकांपुढे नव्याने आणली. क्वांग यांनी आपली कादंबरी आयरिस यांनाच अर्पण केली आहे. कैद्यांवरील प्रयोगांच्या मागेही जपानी लष्कराच्या '७३१ क्रमांकाच्या तुकडी'चा इतिहास आहे.

मराठी वाचकाला हे युद्ध परके नाही. चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, तेथेच ग्वो चिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. कादंबरीच्या नावातील अफूचाही महाराष्ट्राशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनकडे रवाना होत असे, आणि मुंबईतील कित्येक व्यापारी घराण्यांच्या वैभवात त्या व्यापाराचा वाटा होता.

तेव्हा हे पुस्तक निरर्थक रक्तपाताचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जगाने विस्मरणात टाकू पाहिलेली एक घटना ते वाचकासमोर ठेवते. ते वाचनीय आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न उरतो तो केव्हा वाचावे एवढाच.

दुसरी बाजू

मुलांना युद्धाच्या भीषणतेपासून किती काळ दूर ठेवणार, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर युद्धाची दृश्ये मुले रोज पाहतात. बंदी घातलेले पुस्तक हटकून वाचले जाते, हाही सर्वांचा अनुभव आहे. शिवाय सोळा वर्षांची सगळी मुले सारखी नसतात. कोणी इतिहासाची जाडजूड पुस्तके पचवलेली असतात, तर कोणी एका प्रसंगाने आठवडाभर अस्वस्थ राहते.

परंतु भीषण इतिहास किशोरांपर्यंत नेण्याचे मार्ग अनेक आहेत. ॲन फ्रँकची डायरी मराठीतही उपलब्ध आहे आणि तेरा-चौदा वर्षांची मुले ती वाचतात. ती लिहिणारी मुलगी त्याच वयाची होती. तिच्याभोवतीचा संहार कोणत्याही कादंबरीतील संहाराइतकाच खरा होता. पण वाचक तिच्याबरोबर त्या लपलेल्या घरात असतो. बाहेरच्या भयाची चाहूल त्याला लागते, त्या भयाचे तपशीलवार दृश्य त्याच्या अंगावर येत नाही. भाजे येथील शिल्पातही रथाखाली चिरडला जाणारा देह आहे, पण शिल्पकाराने वेदनेवर छिन्नी रेंगाळू दिलेली नाही. हिंसेचा उल्लेख आणि हिंसेचे दर्शन यांतील हे अंतर वयाचा विचार करताना सर्वांत महत्त्वाचे ठरते. पुस्तकात किती माणसे मेली, या मोजणीतून फारसे हाती लागत नाही.

वयानुरूप पर्याय

आशियाई अद्भुताची गोडी लागलेल्या मुलाला योग्य पुस्तकांची वाण नाही. आठ ते बारा या वयोगटासाठी ग्रेस लिन यांचे 'व्हेअर द माउंटन मीट्स द मून' (२००९) हे उत्तम पुस्तक आहे. घरची गरिबी पालटावी म्हणून मिनली ही मुलगी चंद्रावरच्या वृद्धाच्या शोधात निघते आणि वाटेत तिला उडता न येणारा ड्रॅगन भेटतो. चिनी लोककथा त्यात गोष्टीत गोष्ट अशा रीतीने गुंफल्या आहेत. पंचतंत्र ऐकलेल्या मराठी मुलाला ही रीत नवी वाटणार नाही.

याच वयोगटासाठी रोशनी चोक्शी यांची 'आरू शाह' ही पाच भागांची मालिका आहे. तिचा पहिला भाग २०१८ साली आणि अखेरचा २०२२ साली निघाला. अमेरिकेत राहणारी बारा वर्षांची आरू शाळासोबत्यांपुढे बढाई मारण्याच्या भरात संग्रहालयातील शापित दिवा लावते आणि पांडवांचा अंश आपल्यात असल्याचे तिला कळते. महाभारताशी येथे मोकळेपणाने आणि विनोदाने खेळ केलेला आहे. मूळ कथा ठाऊक असलेल्या घरांत त्यावरून चांगली चर्चा रंगू शकते.

तेरा वर्षांपुढील वाचकांसाठी एलिझाबेथ लिम यांची 'सिक्स क्रिमझन क्रेन्स' (२०२१) सुचवता येते. सावत्र आई राजकन्येच्या सहा भावांचे क्रौंच पक्षी करते. राजकन्येने तोंडून शब्द काढला तर प्रत्येक शब्दागणिक एक भाऊ मरेल, असा शाप तिला मिळतो. युरोपातील जुन्या लोककथेला पूर्व आशियाई वातावरणात बसवलेल्या या कादंबरीत संकटे आहेत आणि प्रेमकथाही आहे, पण ती किशोर वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहे.

'द पॉपी वॉर' सतरा-अठरा वर्षांनंतर, तेही नानजिंगच्या इतिहासाची तोंडओळख करून घेऊन वाचणे इष्ट. त्याआधी डॉ. कोटणीस यांचे चरित्र वाचलेले असेल, तर त्या युद्धाची मानवी बाजूही वाचकाच्या मनात असेल. अत्याचाराच्या प्रसंगांचा ज्यांना वैयक्तिक कारणांनी त्रास होऊ शकतो, अशा प्रौढ वाचकांनीही कत्तलीचे प्रकरण वगळून पुढे जाण्यास हरकत नाही. कथेचा धागा त्याने तुटत नाही.

पालकांनी काय पाहावे?

मुखपृष्ठ, नायिकेचे वय आणि 'अद्भुत' हा शब्द या तिन्हींवरून पुस्तकाची पात्रता ठरवू नये. शहरजाद, रिन आणि आरू या तिघीही तरुण किंवा अल्पवयीन आहेत, पण त्यांची पुस्तके एका वयाची नाहीत. पुस्तकाची पहिली पाने चाळून थांबण्याऐवजी मध्यावरचे आणि अखेरीकडचे एखादे प्रकरण वाचावे, कारण बदल तेथे होतो. प्रकाशकाने सुचवलेला वयोगट इंग्रजी पुस्तकांच्या विक्रीच्या संकेतस्थळांवर बहुधा दिलेला असतो, तोही पाहावा.

मूल असे पुस्तक अगोदरच वाचत असल्याचे लक्षात आले, तर ते हिसकावून घेण्यात शहाणपण नाही. अर्धवट सुटलेली भयकथा पूर्ण वाचलेल्या कथेपेक्षा मनात अधिक काळ घोळत राहते. तेच पुस्तक पालकाने स्वतः वाचावे, हे खरोखर घडले होते आणि कोठे घडले होते ते मुलाला सांगावे, आणि रिनने अखेरीस केले ते योग्य होते का, असे त्याला विचारावे. शालेय ग्रंथपाल आणि शिक्षक यांनीही मागणी आलेले पुस्तक कपाटात ठेवण्याआधी वाचले, तर निम्मे प्रश्न मिटतील.

भाज्याच्या विहारासमोर उभे राहून मूल जेव्हा विचारते, की हा राक्षस कोण आणि त्या बाईला घोड्याचे तोंड का, तेव्हा उत्तर द्यायला कोणीतरी मोठे माणूस शेजारी असते. विचारणाऱ्याचे वय पाहून ते तेवढेच सांगते, उरलेले पुढच्या वेळेसाठी राखून ठेवते. घरात एकटे बसून सहाशे पानांची कादंबरी वाचणाऱ्या मुलालाही तशीच कोणाची तरी सोबत हवी असते.